बॅगेचे ग्लोव्ह्ज, माणसाचे ग्लोव्ह्ज

८ जुलै, सोमवार

डाव्या डोळ्याखाली बटाटा आलाय. जांभळा! उद्या कारखान्यात काय सांगू?

स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, असं होत नाही. सोळा औंसाचे गुबगुबीत ग्लोव्ह्ज असतात, वर डोक्याला हेडगार्ड. उशीने मारल्यासारखं लागायला हवं. आज दगडाने मारल्यासारखं लागलं. आणि मारलं कोणी? लोआताने! आत्ता कुठे पलीकडच्या बेटावरून, लाबासाहून आलेली पोर. मागचा पाय कुठे ठेवायचा हे अजून तिला कळत नाही.

फेरी संपल्यावर तिचा हात धरला आणि ग्लोव्हच्या तोंडावर अंगठा दाबला. अंगठा आत जाईना. बॅगेचे! माणसाला मारायला टांगलेली बॅग बडवायचे ग्लोव्ह्ज!

"हे का घातलेस?"

"मामांनी दिले."

मामा, आमचे कोच, लगेच म्हणाले, "मी दाराकडचे दिले होते."

दोघांतलं एक खोटं बोलतंय. मामा खोटं बोलत नाहीत.

९ जुलै, मंगळवार

कारखान्यात सगळ्या जणी माझ्या डोळ्याकडे बघत होत्या. सुपरवायझर बाई म्हणाली, "नवऱ्याने मारलं असतं तर पोलिसांत गेलो असतो. तू तर हौसेने मार खातेस." दिवसभर शाळेच्या शर्टांच्या कॉलरी शिवल्या. एका डोळ्याने.

शिवता शिवता विचार केला. आमच्या शेडमधले सरावाचे सगळे ग्लोव्ह्ज काळे आहेत. ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा क्लबने जुने झाले म्हणून पाठवलेले. लांबून सगळे सारखेच. बॅगेचे चौदा औंसाचे, पण वर्षानुवर्षांच्या घामाने जड झालेत, त्यामुळे वजनानेही पटकन कळत नाही. फरक आहे तो आतल्या फोममध्ये. बॅगेचा घट्ट, म्हणजे मारणाऱ्याची बोटं वाचतात. स्पारिंगचा मऊ, म्हणजे मार खाणाऱ्याचं तोंड वाचतं. म्हणून मामांनी भिंतीवर खिळे वाटून दिलेत. खिडकीकडचे बॅगेचे, दाराकडचे माणसाचे. आणि कोणी स्वतः हात लावायचा नाही. मामा काढून देतात, मामा परत टांगतात. मी लहान असल्यापासून हा नेम आहे. एकदाही चूक झालेली नाही.

म्हणजे चूक झाली नाही. कोणीतरी केली.

कारण काय, तेही उघड आहे. ऑगस्टमध्ये राजधानीत, सुवाला, फिजीच्या संघाची निवड आहे. साठ किलोत एका क्लबकडून एकच मुलगी उतरणार. मी साठ किलोची. लोआता साठ किलोची. सरळ हिशोब!

११ जुलै, गुरुवार

आज बॅगेचा दिवस. गिरणीची काजळी शेडमध्ये उडून येत होती. उसाचा हंगाम सुरू झाला की हाताला बांधायच्या पट्ट्यासुद्धा धुवून वाळत घालायची सोय नाही.

मामांनी मला ग्लोव्ह्ज दिले. घातले आणि लगेच कळलं. मऊ! स्पारिंगचे!

मी म्हटलं, "मामा, हे माणसाचे आहेत."

मामांनी ग्लोव्ह्जकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि ओरडले! "मी शिकवू का तू शिकवतेस मला?"

मामा माझ्यावर कधी ओरडत नाहीत. आई गेली तेव्हा यासावा बेटावरून होडीतून मला घेऊन आले, त्या दिवसापासून एकदाही नाही. बाकी पोरं त्यांना मामा म्हणतात ते उगीच. खरे मामा ते माझे. आईचे सख्खे भाऊ.

मग मी गुमान बॅग बडवली. पण डोकं चालू होतं. मऊ ग्लोव्ह्जनी बॅग मारली की फोम दबून मरतो. थोड्याच दिवसांत चपटा. मग तेच मेलेले ग्लोव्ह्ज परत दाराकडच्या खिळ्यावर, तिथून लोआताच्या हातात, तिथून माझ्या तोंडावर! आणि कोणी काही बोलू शकत नाही, कारण ग्लोव्ह्ज तर "माणसाचेच" आहेत!

हे मामांच्या डोक्यातलं नाही. कोणीतरी कान भरलेत. लोआता भिंतीशी उभी राहून पट्ट्या गुंडाळत होती. मामांकडेच बघत होती. माझ्याकडे नाही.

१२ जुलै, शुक्रवार

लोआता आज जरा जास्तच गोड बोलली. "उलाताई, डोळा कसा आहे? पपईचं पान लावलंस का?" लक्ष ठेवायचं हिच्यावर.

१४ जुलै, रविवार

चर्च झाल्यावर जेवायला मामांकडे. जमिनीतल्या भट्टीतली कोंबडी, अळकुड्या, नारळाच्या दुधातली पानं. मेसाके समोरच बसला होता. मामांचा मुलगा, माझा मामेभाऊ, म्हणजे आमच्या रीतीने मला छळायचा त्याला हक्कच! म्हणाला, "या राणीसाहेब! डोळा उघडला का? का अजून एकाच डोळ्याने जेवणार? मग अर्धीच कोंबडी वाढतो." मी म्हटलं, "तू तुझी ढेरी आवर, मग कोंबडीचं बघू." मग त्याने लोआताकडे मोर्चा वळवला. "लाबासाची माणसं जहाजात बसली की अर्ध्या समुद्रात अक्कल उलटून टाकतात. हिने फक्त मूठ तेवढी वाचवून आणली."

सगळे हसले. लोआताही हसली. तिचा चेहरा असा की कोणालाही वाटावं, किती साधी! ती मामीची भाची, मामीच्या भावाची मुलगी. राहायला याच घरात. जेवायला याच ताटाशी. कान भरायला रात्रंदिवस मोकळी.

मामांनी सुवाच्या त्यांच्या लढतीची गोष्ट सांगितली. भुवई फुटली, रक्ताने दिसेना, तरी शेवटच्या फेरीत समोरच्याला आडवा केला. छान सांगतात. जेवण संपत आलं तेव्हा पुन्हा तीच गोष्ट सुरू केली, पहिल्यापासून. मेसाके काहीतरी बोलणार होता, मामीने त्याच्या ताटात एवढी मोठी अळकुडी टाकली, "जेव तू!" आणि लोआता परत तसेच डोळे मोठे करून ऐकायला लागली. "मग काय झालं, मामा?" जणू पहिल्यांदाच ऐकतेय! लाळघोटी!

भांडी घासायला मागे गेले तर स्वयंपाकघरात मामा आणि मामी हळू आवाजात बोलत होते. मामांचा आवाज नीट ऐकला मी. "उलाला कळता कामा नये. निवड होईपर्यंत नाही."

मामी काहीतरी पुटपुटली. मामा म्हणाले, "शपथ घे."

मी भांडी तशीच ठेवून घरी आले.

१५ जुलै, सोमवार

काय कळता कामा नये?

एकच गोष्ट असू शकते. मामा सुवाला लोआताला उतरवणार. मला शेवटच्या दिवशी सांगणार, म्हणजे तोवर मी तिच्या सरावाला उपयोगी पडत राहीन. चालती-बोलती बॅग!

छे. मामा असे नाहीत.

पण कानांनी ऐकलंय.

१६ जुलै, मंगळवार

आज कारखान्यातून लवकर सुटले आणि सरळ शेडवर. कोणी नव्हतं. दाराकडचे सगळे ग्लोव्ह्ज एकेक करून काढले. मामांचा नेम मोडला. मोडला तर मोडला.

मला कपड्याची शिवण कळते. उसवून परत शिवलेलं असेल तर टाके लपत नाहीत. धागा वेगळा दिसतो, भोकं ताणलेली दिसतात. मनगटापासून अंगठ्यापर्यंत सगळ्या शिवणी बोटाने चाचपल्या. आतला फोम काढलाय का, सरकवलाय का, म्हणून हात घालून मूठ आवळून बघितली. एका जोडाला कुबट वास, एकाची नाडी तुटकी. बाकी ठीक. कोणी उसवलेलं नाही.

म्हणजे तिची पद्धत दुसरी आहे.

तेवढ्यात मागून, "काही शोधतेस का, ताई?"

लोआता! दारात! ही तरी इतक्या लवकर कशाला आली?

"उवा," मी म्हटलं. "लाबासाहून आलेल्या."

तिला हसू आलं नाही. मलाही नाही.

१८ जुलै, गुरुवार

पकडलं!

आज स्पारिंग होतं. पुन्हा लवकर गेले, पण आत गेले नाही. खिडकीबाहेर, पाण्याच्या टाकीमागे उभी राहिले. लोआता आली. इकडेतिकडे बघितलं. खिडकीकडचे ग्लोव्ह्ज खिळ्यांवरून काढून बाकाखाली ठेवले, वर गोणपाट टाकलं. मग दाराकडचे दोन जोड बोटांनी दाबून बघितले आणि अगदी समोर टांगले. मामा आले की पहिला हात पडेल तिथे!

मामा आले. भिंतीसमोर उभे राहिले. हात उचलला, तसाच हवेत धरला. लोआता चटकन पुढे झाली. "हे ना, मामा?"

"हो. हेच."

म्हणजे आता ग्लोव्ह्ज ही निवडते! ज्या भिंतीला मी कधी हात लावला नाही, ती भिंत हिची झाली. मामा तिच्या हाताने पाणी पितात आता.

२२ जुलै, सोमवार

स्पारिंग. लोआताशी दोन फेऱ्या. काही लागलं नाही. तिचे ग्लोव्ह्ज मऊ होते, मी आधीच दाबून बघितले.

अर्थात! मी बघतेय हे तिला माहीत आहे.

मामांच्या हातातल्या पॅडवरही मारलं. डावा, डावा, उजवा असं ते ओरडायचे आणि पॅड मात्र दुसराच पुढे करायचे. दोनदा माझा ठोसा हवेतच गेला. मला गोंधळात पाडायचं, हा नवीन डाव दिसतोय. माझा माझ्यावरचा भरवसा उडवायचा.

२४ जुलै, बुधवार

बसने नांदीला गेले. शिवनारायण मास्तरांच्या क्लबवर. कोणाला सांगितलं नाही. मामांशिवाय मला कोणी पट्टी बांधलेली नाही आजवर.

मास्तर पूर्वी मामांच्या विरुद्ध लढायचे. आता केस सगळे पांढरे, आवाज तसाच खणखणीत. मला बघून म्हणाले, "अपाकुकीची भाची? माझ्या दारात? आज सूर्य समुद्रातून उगवला का उसातून?"

मी म्हटलं, सहज आले. ग्लोव्ह्जबद्दल विचारायचंय. लढतीच्या आधीच्या दिवसांत कुठले वापरावेत.

"हे तू मला विचारतेस? मला तुझ्या मामानेच शिकवलं! मी मूर्ख एकाच जोडाने सगळं करायचो. बॅग त्यानेच, माणूस त्यानेच. अपाकुकी म्हणाला, अरे, ग्लोव्ह निवडताना हात बघू नको, समोर काय आहे ते बघ. बॅगेला दुखत नाही, तिथे तुझी बोटं सांभाळ. समोर मित्र असेल तर त्याचं तोंड सांभाळ. पॅडला मधले चालतात, पण वेग हवा, फार जड नकोत. आणि लढतीचे दहा औंसाचे आधीपासून थोडे थोडे घाल, नाहीतर त्या दिवशी हात रिकामे वाटतात आणि माणूस घाईला येतो."

अगदी मामांचेच शब्द! ऐकून रडू आलं. मास्तरांना वाटलं डोळ्यात धूळ गेली.

मग ते जुन्या गोष्टींत शिरले. रोटी आणि बटाट्याची भाजी पुढे ठेवली. "आमच्या वेळी फोम कुठला? घोड्याचे केस भरलेले असायचे. ठोसे बसले की केस बाजूला सरकायचे आणि वर नुसतं कातडं राहायचं. बरं, सगळ्या लढतींना जोड एकच! पहिल्या जोडीला कोरडा मिळायचा. शेवटच्या जोडीपर्यंत घामाने, रक्ताने भिजून वीट व्हायची त्याची. आणि शेवटची लढत नेहमी तुझ्या मामाची. तिकिटं त्याच्या नावावर खपायची ना! किती विटा खाल्ल्या असतील त्याने डोक्यावर."

निघताना म्हणाले, "मागे तुमच्या लाउटोकाच्या बाजारात भेटला होता. मला 'परसराम' अशी हाक मारली. परसराम माझा भाऊ, जाऊन किती वर्षं झाली. थट्टा करायची सवय गेली नाही त्याची!"

मी विचारलं, "मास्तर, मी तुमच्याकडे आले तर?"

ते दारापर्यंत आले. "दार बंद नाही. पण आधी त्याला तोंडावर सांगून ये. मागून नको."

२५ जुलै, गुरुवार

सांगायचं कसं? बघू. आधी पुरावा हवा.

२७ जुलै, शनिवार

मिळाला पुरावा!

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी शेडवर सगळे होते. मला लढतीचे ग्लोव्ह्ज घालून थोडं हलकं खेळायचं होतं. ते लाल आहेत, नाडीचे, दहा औंसाचे. सगळ्या शेडमध्ये तेवढेच रंगीत. मागच्या वर्षी मी जिंकले तेव्हा मामांनी दिलेले. त्यांचा खिळा वेगळा, वेदीसारखा वरती. बघते तर खिळा रिकामा!

लोआताची पिशवी बाकावर होती. मी विचारलं नाही. सरळ उघडली. टॉवेलाखाली माझे लाल ग्लोव्ह्ज!

वर धरले. "हे काय आहे?"

सगळे थांबले. मेसाके दोरीवरच्या उड्या मारत होता, तोही थांबला. लोआताचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, "चोर! आधी बॅगेच्या ग्लोव्ह्जनी माझा डोळा फोडलास. मग मामांना फितवलंस. रोज लवकर येऊन ग्लोव्ह्ज लपवतेस, मी डोळ्यांनी बघितलंय. आता हेही पळवलेस? सुवाला माझ्याच ग्लोव्ह्जनी लढणार होतीस?"

तिने आधी मामांकडे बघितलं. मग दारात मामी उभी होती तिच्याकडे. मामीने मान हलवली. 'नको' अशी. मी बघितलं! सगळ्यांची मिळून शिजलेली डाळ!

मामा पुढे आले. ग्लोव्ह्ज हातात घेतले, उलटेसुलटे केले. "कोणाचे आहेत हे?"

"माझे, मामा! तुम्हीच दिलेत!"

"असं? मग चोरी वाईट," मामा म्हणाले. शांतपणे. जणू बाजारातल्या भांडणात कोणी वाटसरू बोलतोय.

लोआताने पिशवी उचलली. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "ताई, कोणीही ग्लोव्ह्ज दिले तरी घालण्याआधी दाबून बघत जा."

धमकी! सगळ्यांसमोर धमकी देऊन गेली!

२८ जुलै, रविवार

जेवायला गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून निरोप पाठवला.

२९ जुलै, सोमवार

लोआता गेली. पहाटेची बस, मग जहाज. मामी स्टँडवर रडत होती म्हणे.

मला हलकं वाटायला हवं होतं. कारखान्यात चार कॉलरी उलट्या शिवल्या.

३० जुलै, मंगळवार

मेसाकेने आज मला एकदाही डिवचलं नाही. मी मुद्दाम म्हटलं, "काय ढेरीशेठ, तोंड शिवलंय का?" त्याने नुसतं "नाही" म्हटलं आणि पट्ट्या बांधायला लागला. मामेभावाने थट्टा सोडली म्हणजे नातंच तोडल्यासारखं.

तोही तिच्या बाजूचा!

३१ जुलै, बुधवार

आज जे झालं ते लिहावंसं वाटत नाही. पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

लोआता नाही, म्हणून स्पारिंगला मेसाके. मामांनी मला ग्लोव्ह्ज दिले, त्याला दिले. मी दाबून बघितलं नाही. का बघू? चोर तर गेला होता. घालताना जरा कडक वाटले. म्हटलं, आज पट्ट्या जास्त गुंडाळल्या गेल्या.

मेसाके मन लावून खेळतच नव्हता. हात खाली. माझा राग डोक्यात गेला. दुसऱ्या फेरीत त्याने डावा टाकला, मी आत शिरले आणि उजवा दिला. सगळा दिला, कंबरेपासून. मऊ ग्लोव्हचा आवाज 'धप्प' असा येतो. आज 'टक्' असा आला.

मेसाके जागेवर बसला. तोंडातून रक्त. एक दात जमिनीवर.

मी माझ्या ग्लोव्ह्जवर अंगठा दाबला. आत गेला नाही.

मामा धावत आले. "कोणी दिले तुला हे?"

"तुम्ही! आत्ता! स्वतःच्या हातांनी!"

"मी दाराकडचे दिले होते."

तोच सूर. तेच शब्द. पहिल्या दिवशी लोआतासमोर बोलले होते, तसेच.

मेसाकेला घेऊन हॉस्पिटलात गेले. ओठाला टाके पडले, दात गेला तो गेलाच. मी रडत होते. सुजलेल्या तोंडाने तो काहीतरी बोलला, मला कळेना. कान जवळ नेला. म्हणाला, "पप्पांना काही बोलू नकोस."

स्वतःचा दात पडलाय आणि याला काळजी पप्पांची!

१ ऑगस्ट, गुरुवार

म्हणजे लोआता खोटं बोलली नव्हती. निदान पहिल्या दिवशी तरी नाही.

म्हणजे खोटं मामा बोलतात.

मामा! माझ्याच हातून त्यांच्या मुलाचा दात पाडला. त्या आधी लोआताच्या हातून माझा डोळा. का? आम्ही एकमेकांना संपवावं म्हणून? मग सुवाला कोण जाणार? तिसरं कोणी आहे का? बाहेरून कोणी येणार आहे का? "उलाला कळता कामा नये" ते हेच का?

काही जुळत नाही. पण माझ्यापासून काहीतरी लपवतात, एवढं नक्की. सगळं घर मिळून लपवतंय.

२ ऑगस्ट, शुक्रवार

ठरलं. नांदीला जायचं. शिवनारायण मास्तर म्हणाले तसं, आधी तोंडावर सांगून. रविवारी.

आई असती तर म्हणाली असती, माझ्या भावावर संशय घेतेस? तोंड जळो तुझं. पण आई नाही.

४ ऑगस्ट, रविवार

मामा व्हरांड्यात एकटेच बसले होते. चर्चचा पांढरा शर्ट, खाली लुंगीसारखा करडा सुलू नेसलेला. मी पायरीवर बसले. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बोटांची हाडं एकेक करून दाबून बघितली.

"हात चांगला आहे," म्हणाले. "कुठल्या गावची तू, पोरी?"

मला वाटलं, थट्टा. मी हसले. ते हसले नाहीत.

"उद्यापासून ये. आमच्या उलामिलासमोर उभी करतो तुला. माझी भाची आहे, सुवाला जाणार आहे. पण तिच्याशी खेळताना मऊ ग्लोव्ह्ज घालायचे हं. तिला लागता कामा नये. तिची आई नाही."

मागे मामी उभी होती. ती म्हणाली, "यांना आठवत नाही, माणसंही ओळखू येत नाहीत, हे लोआताला पहिल्याच आठवड्यात कळलं. तुमच्यापैकी कोणाला लागू नये म्हणून ती रोज आधी जायची. लाल जोड ते बॅगेवर घालायला देत होते, म्हणून तिने पिशवीत लपवला. निवड होईपर्यंत तुला कळू द्यायचं नाही ही शपथ त्यांनीच घातली होती मला. आठवत होतं तेव्हा."

मामांनी माझा हात सोडला नव्हता. उत्तराची वाट बघत होते.

"घालशील ना मऊ?"

मी म्हटलं, "घालीन."

मग मी लाबासाला, लोआताला फोन लावायला उठले.